वीतभर जास्तीचं कातडं

गुरुवारी दुपारी सूपमध्ये घालायला वाटाणे हवेत म्हणून अर्लीनने फ्रीझरचा तळचा खण ओढला, तर तो अर्ध्यावर येऊन अडला. आत हात घालून तिने चाचपलं आणि बोटांना केस लागले. थंड, आखूड, एकाच अंगाला निजलेले केस. क्षणभर तिला वाटलं, आत काहीतरी मरून पडलंय. मग ध्यानात आलं, की ही कातडी आहेत, आणि गेल्या मे महिन्यापासून ती इथेच आहेत. उन्हाळ्यात गोंद ढिला पडू नये म्हणून डोंगरात जाणारी सगळीच माणसं ती अशी ठेवतात, वाटाण्यांच्या आणि माशांच्या शेजारी. म्हणायचं कातडं, पण असते नायलॉनची पट्टी. एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला गोंद. चढताना स्कीच्या तळाला चिकटवली की केसांमुळे पाय पुढे सरतो पण मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की ओढून काढायची, पिशवीत टाकायची आणि उतरायचं. त्यात काही मोठं नाही. तिने पिशवी ओढून बाहेर काढली, ओट्यावर ठेवली आणि वाटाणे शोधायला परत वाकली. वाकल्यावाकल्याच काहीतरी खटकलं म्हणून तिने मान वर करून पाहिलं. पिशवीच्या तोंडातून एका कातड्याची वीतभर शेपटी बाहेर आली होती. तिच्या उघड्या गोंदावर बर्फाचा चुरा आणि वाटाण्याचं एक साल चिकटलं होतं. दुसऱ्या कातड्याला तेवढी शेपटी नव्हती.

बाकीची माणसं प्रत्येक कातडं स्वतःवरच दुमडून ठेवतात. अर्लीनच्या घरात मात्र जोडीतली दोन कातडी तोंडाला तोंड लावून, टोकापासून टोकापर्यंत एकमेकांना चिकटवायची पद्धत होती. ती पद्धत तिचीच. तिचा जन्म लोकांचे कोट आणि मुलींचे लग्नाचे झगे मापात बसवण्यात गेला होता, आणि तिला दुमड आवडत नसे. दुमड पडली की तिथला गोंद मरतो, असं ती म्हणायची. अडचण एकच, की अशी चिकटलेली जोडी सोडवायला दोन माणसं लागतात. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, पाय रोवायचे आणि मागे रेलायचं. एकतीस वर्षांत या अडचणीला अडचण म्हणावं असं कुणाला वाटलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं आणि ओट्यापाशी बसली. लांब कातडं नवऱ्याचं, लोवेलचं होतं, आखूड तिचं. गेल्या मेच्या तिसऱ्या शनिवारी हॉब्जच्या खिंडीत असा वारा सुटला होता की तोंडातला शब्द शेजारच्याला पोचत नव्हता. चारही कातडी हातात फडफडत होती. दोन तिने घेतली, दोन त्याने घेतली, न बघताच एकमेकांवर थापली आणि छातीशी धरून पिशव्यांत कोंबली. घरी आल्यावर तिची पिशवी फ्रीझरमध्ये गेली, त्याची गॅरेजमधल्या त्याच्या पेटीत गेली. आणि सप्टेंबरात ती पेटी उचलून लोवेल निघून गेला.

टोस्टला लोणी लावता लावता त्याने ते सांगितलं होतं. म्हणाला होता, "मी इथं बरेच दिवस राहतच नाहीये, असं मला वाटतं." तिने विचारलं होतं, "मग तुझे मोजे कोण धुतंय?" अशा वेळी माणूस काय बोलेल ते त्यालाही कळत नाही. लोवेल हसला होता, आणि तो हसला म्हणून तिला वाटलं होतं की निभावलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती डोंगरात गेली नाही. सॉल्ट लेकच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं तरी पूर्वेला डोंगर दिसतोच, त्याला इलाज नाही. पण बघायचंच नाही म्हटलं तर बाई आपल्या शिवणाच्या दुकानातून घरी मान खाली घालून येऊ शकते. तशी ती सबंध हिवाळा येत होती. आता मात्र ती त्या वीतभर शेपटीकडे बघत बसली आणि तिच्या डोक्यात एक हिशेब आपोआप मांडला गेला. माझ्याकडे त्याचं एक आहे, म्हणजे त्याच्याकडे माझं एक आहे. तो हिवाळ्यात डोंगरात गेला असता तर पहिल्याच बर्फात त्याने पिशवी उघडली असती. उघडली असती तर फोन केला असता, कारण एक लांब आणि एक आखूड घेऊन कुणी चढत नाही. फोन आला नाही. म्हणजे त्याने पिशवी उघडलेली नाही. म्हणजे तोही गेला नाही. माझ्याशिवाय तो डोंगरात गेलाच नाही. इथवर आल्यावर ती उठली आणि खिडकी उघडली, कारण तिला एकदम गरम व्हायला लागलं. सूप तळाला लागलं होतं.

तिने मोबाईलवर लिहिलं, "तुझं एक कातडं माझ्याकडे आलंय. माझं तुझ्याकडे असेल." चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, "हो. शनिवारी सहाला गेटपाशी. आणतो." त्या 'हो'कडे ती दुसऱ्या दिवशी दुकानात दिवसभर बघत होती, टाचण्या तोंडात धरून. 'हो' म्हणजे आधीपासून ठाऊक होतं, की आत्ता बघून सांगतोय? चाळीस मिनिटं लागली म्हणजे खाली जाऊन, पेटी उघडून, बघून आला असणार. बघून आला म्हणजे ठाऊक नव्हतं. आणि शनिवार मेचा तिसरा आहे हे त्याला आठवलं, गेट कुठलं हे सांगावं लागलं नाही. एका नवरीचा झगा कमरेत घेताना ती इतकी हसरी दिसली की नवरीची आई म्हणाली, "तुम्हालाच मुलीच्या लग्नाचा जास्त आनंद झालेला दिसतोय." शुक्रवारी तिने डॉटला फोन केला. डॉट एकाहत्तर वर्षांची, नवरा रे जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि सबंध हिवाळा दर आठवड्याला "येतेस का" म्हणून विचारून दर आठवड्याला नाही ऐकून घेतलेली. डॉट म्हणाली, "चला, मेलेली उठली. पाचला हॉर्न वाजवते. आणि लोवेल तिथं आहे म्हणून लिपस्टिक लावून येऊ नकोस, थंडीत ओठ फाटतात."

डोंगराच्या रस्त्यावरच्या गेटपाशी पोचल्या तेव्हा उजाडत होतं. रात्रभर आभाळ निरभ्र राहिलं होतं, त्यामुळे बर्फ वरपासून खालपर्यंत गोठून काचेसारखा झाला होता. वसंत सरताना असंच हवं असतं. सकाळी टणक बर्फावरून चढायचं, दहा वाजता ऊन लागून वरचा थर साखरेसारखा रवाळ झाला की उतरायचं, आणि अकराच्या आत उतारावरून बाहेर पडायचं. नंतर त्याची लापशी होते आणि उतारच्या उतार खाली घसरतो. लोवेलची गाडी आधीच येऊन थांबली होती. तो मागचं दार उघडून बुटांचे पट्टे आवळत होता. तिनेच त्याच्या मापाने शिवलेली निळी बंडी त्याच्या अंगात होती, आणि बंडीचा खांदा उसवला होता. टाका कुठून घालायचा ते तिच्या हातांना लगेच कळलं. गाडीत पुढच्या सीटवर कुणीतरी वाकून बूट घालत होतं. त्या व्यक्तीच्या केसांचा भांग तेवढा दिसत होता.

डॉट म्हणाली, "आलास? मला वाटलं, पोस्टानं पाठवशील."

"डॉट! तू अजून आहेस?"

"तुझी तिरडी बघूनच जाणार आहे. बाजूला हो, मला तिकडे लघवीला जायचंय." आणि ती खरंच झाडांकडे चालू लागली. अर्लीनने पिशवीतून ती जोडी काढली. हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने टोक त्याच्यापुढे केलं आणि एकतीस वर्षं म्हणत आली होती तेच म्हणाली, "धर."

त्याने धरलं. त्यानेही विचार केला नाही. हात पुढे आले, पाय आपले आपण फाकले, उजवा मागे, डावा पुढे. ती मागे रेलली, तोही रेलला. वर्षभर गोठलेला गोंद सुटायला तयार नव्हता. त्याच्या वजनाची ओढ तिच्या खांद्यात उतरली तेव्हा तिला आठवलं, की या माणसाचं वजन तिला ठाऊक आहे. अंथरुणात कूस बदलल्यावर गादी किती खचते, खिंडीत दोरीवर तो पाय घसरून लोंबकळला होता तेव्हा किती होता, आणि बापाला पुरून आला त्या संध्याकाळी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं तेव्हा किती होता, ते सगळं. दोघांच्या मध्ये ती पट्टी ताणून थरथरत होती आणि कुणीच सोडत नव्हतं. सुटू नये, असं तिला वाटलं. इथंच, असंच, हात भरून येईपर्यंत. मग मधूनच चर्र असा आवाज झाला, आणि दोन्ही कातडी वेगळी होऊन दोघं दोन दोन पावलं मागे झोकांडली. असं झोकांडल्यावर तो दर वेळी ओरडायचा, "सुटलो बुवा!" आणि ती म्हणायची, "जातोस कुठे?" हा त्यांचा विनोद, इतका जुना की त्याला हसायचीही गरज उरली नव्हती. आज लोवेलचं तोंड उघडलं. मग मिटलं. त्याने खाली बघून हातमोजे झटकले.

"हे घे तुझं," ती म्हणाली.

"ठेव तू. माझ्याकडे नवी आहेत."

"कधी घेतलीस?"

"डिसेंबरात."

तिने मान हलवली. मोजमाप सांगताना गिऱ्हाईक चुकीचा आकडा सांगतं आणि आपण फक्त मान हलवतो, तशी. "म्हणजे कळलं होतं तुला."

"कळलं होतं. फोन करणार होतो, अर्लीन. मग म्हटलं, तू जातेस की नाही कुणास ठाऊक. उगाच कशाला." त्याने गाडीतून एक गुंडाळी काढून दिली. "हे तुझं."

तिने ते उलगडलं आणि स्कीवर धरलं. त्याची कड नागमोडी होती. दोन्ही अंगांनी, शेंड्यापासून शेपटीपर्यंत, स्कीचा काळा तळ बोटभर बोटभर उघडा दिसत होता. तिने ते उचलून पुन्हा लावलं, जसं काही आपणच वाकडं लावलं असेल. त्यांच्या घरातली सगळी कातडी तिने कापली होती, बत्तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या जोडीपासून. तिची कड कधी नागमोडी आली नव्हती.

"ब्रिनचं एक जानेवारीत वाऱ्यानं उडालं," लोवेल म्हणाला. "दरीतच गेलं. तुझं पडून होतं, तिची नवी येईपर्यंत तेच कापून लावलं. तिच्या स्की जरा अरुंद आहेत. विचारायला हवं होतं मी."

"ब्लेड बोथट होतं," अर्लीन म्हणाली.

तेवढ्यात गाडीतली बाई खाली उतरून आली. पंचेचाळीसेकची असेल, उन्हाने नाक सोललेली, चांगल्या चेहऱ्याची. त्या चेहऱ्यावर काही वाईट सापडावं म्हणून अर्लीन शोधत राहिली, पण सापडलं नाही. "मी ब्रिन. मला खरंच माहीत नव्हतं हो कुणाचं आहे ते. हा म्हणाला, जुनं पडलंय. परवा तुमचा निरोप आला तेव्हा कळलं, तेव्हापासून मला इतकं कसंतरी होतंय. आज माझी दोन्ही न्या तुम्ही, मी गाडीत बसते."

"तुझ्या मापाची आहेत ती," अर्लीन म्हणाली. "मला नाही बसायची." हे तिने प्रेमानेच सांगितलं. दुकानात ती असंच सांगायची. तिने हात पुढे केला आणि ब्रिनने तो धरला. ब्रिनचा हात गरम होता. आपला बर्फासारखा असणार, आणि तिला ते कळलं असणार, असं वाटून अर्लीनने तो लवकर काढून घेतला.

ती दोघं डाव्या दरीत गेली. या दोघी उजवीकडे, हॉब्जच्या वाटेला. डॉट पुढे, अर्लीन मागे. पहिला तासभर देवदारांमधून सपाटीने जायचं होतं, तिथे एका अरुंद कातड्यावरही निभतं. डाव्या पायाला दर पावलाला किंचित घसरण होती, चपलेचा अंगठा तुटल्यावर चालताना होते तशी. डॉट मागे न बघता म्हणाली, "त्याचं मोठं आहे ना? मग ते काप. माझ्याकडे ब्लेड आहे, आणि बोथट नाही." डॉटने झाडीतून सगळं ऐकलं होतं तर.

"नको."

"का?"

"मागेल कधीतरी."

डॉट थांबली. काठ्यांवर रेलून तिने मान वळवली. "त्याच्याकडे नवी आहेत, बाई."

"ऐकलं मी."

"मग चल," डॉट म्हणाली आणि पुढे निघाली. वाट उजवीकडे वळली, झाडी विरळ झाली. चालता चालता अर्लीनच्या मनात सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिला राग यायला हवा होता, पण येत नव्हता. तिला फक्त तो डिसेंबरमधला दिवस दिसत होता, जो तिने कधी पाहिला नव्हता. पहिलं बर्फ पडलंय, लोवेल कुठल्यातरी गेटपाशी उभा आहे, पिशवी उघडतो. त्यातून एक लांब आणि एक आखूड निघतं. त्याला कळलं असणारच, त्याच सेकंदाला, की हे कसं झालं. वारा आठवला असणार. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय आलं असेल? हसला असेल का? ते दोघांचं चिकटलेलं त्याने कुणाबरोबर सोडवलं असेल? हा प्रश्न आला तेव्हा ती चालायची थांबली. कारण एकट्याने ते सुटत नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच. ब्रिनने ते टोक धरलं असणार, पाय रोवून, रेलून, आणि सुटल्यावर दोघं मागे झोकांडली असणार, आणि तो ओरडला असेल का? तेवढं सांगितलं असतं कुणी, तर बरं झालं असतं. बाकी काही नको होतं. तो तेव्हा ओरडला की नाही, तेवढंच.

लोवेलनेच तिला शिकवलं होतं. सव्वीस वर्षांची होती ती, आणि पाय उचलून उचलून टाकत होती, बदकासारखी. तो मागून म्हणाला होता, "उचलू नकोस. ओढ. बर्फाला पायाखालून जाऊ दे." मग पुढे जाऊन, पाठमोरा, तो ते दाखवत राहिला होता. पुढची सगळी वर्षं तिने मुख्यतः त्याची पाठ पाहिली. लग्न झालेल्या बायका नवऱ्याचे चेहरे ओळखतात. तिला त्याची पाठ जास्त पाठ होती. दमलाय, रागावलाय, वर ढग बघून मागे फिरायचा विचार करतोय, हे सगळं तिला त्याच्या खांद्यांवरून कळायचं. टोस्टच्या सकाळी तो तिच्याकडे तोंड करून बसला होता, म्हणूनच तिला काही कळलं नसेल. हे मनात आलं आणि आता समोर डॉटची बुटकी, पिशवीखाली दबलेली पाठ होती. ती वाट सोडून उघड्या उतारावर आडवी निघाली होती. इथे ऊन अजून पोचलं नव्हतं, बर्फ निळसर, टणक होता. बुटाखाली लावायचे लोखंडी दाते डॉटने कधीच लावले होते. अर्लीनचे दाते लोवेलच्या पेटीत राहिले होते, आणि ते आज मागावे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. अर्लीन त्या उतारावर तिसऱ्या पावलाला होती. डावी स्की खालच्या अंगाची. केस जिथे हवे होते तिथे नव्हते. उघडा तळ काचेवर काचेसारखा सुटला. ती कुशीवर पडली आणि घसरू लागली.

भीती वाटली नाही. एवढाच आवाज होता, बाहीचं कापड बर्फावर घासत जाण्याचा, आणि तिला वाटलं, हे कापड आता जाणार. काठीचं टोक दोन्ही हातांनी बर्फात दाबायचं असतं, हे तिच्या हातांनी केलं, तिने नाही. मग खालून एक देवदाराचा बुंधा आला आणि मांडीवर आपटला, आणि सगळं थांबलं. वर आभाळ फार निळं होतं. डॉट वरून शिव्या देत, वळणं घेत खाली येत होती. जवळ येऊन तिने अर्लीनचे पाय, गुडघे, मान एकेक करून दाबून पाहिली, जशी बाजारात कलिंगडं बघतात.

"मोडलंय का काही?"

"नाही."

"जरा खाली तो खडक आहे, पाहिलास?"

अर्लीनने पाहिला. दहा-बारा हातांवर होता, बर्फातून डोकं काढून.

डॉटने खिशातून ब्लेड काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "अर्लीन, मी रेच्या मागे त्याचे बूट तीन वर्षं दाराशी ठेवले होते. त्याचं माप माझ्या घरात असावं म्हणून. बूट काही करत नाहीत गं, दाराशी बसून राहतात. पण ह्यात तुझा जीव जाईल आणि मला तुला खाली ओढत न्यावं लागेल, आणि माझी कंबर काय आहे तुला माहिती आहे. काप."

बुंध्याला टेकून अर्लीनने डावी स्की मांडीवर आडवी घेतली, ते नागमोडी कातडं काढलं आणि लोवेलचं लावलं. तळ कडेपासून कडेपर्यंत झाकला गेला, दोन्ही अंगांनी उरलाही. तिने हातमोजे काढले. ब्लेड कडेला टेकवलं, आणि थांबली. मोठं लहान करता येतं, लहान मोठं करता येत नाही, हे ती सबंध जन्म लोकांना सांगत आली होती, आणि लोक मान हलवायचे, आणि ती कापायची. आत्तापर्यंत त्याच्या मापाची एक वस्तू घरात होती. तो आला असता आणि त्याने मागितली असती, तर तिने ती काढून दिली असती, आणि ती त्याला बसली असती. येणार नव्हता, हे तिला कळलं होतं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कळलं होतं. पण कळणं वेगळं. तिने ब्लेड खाली ओढलं. शेंड्यापासून शेपटीपर्यंत, एका श्वासात. दोरीसारखी बारीक पट्टी सुटून तिच्या मनगटाला गुंडाळली गेली आणि चिकटून बसली. मग दुसरी कड. मग शेवटी ती वीतभर शेपटी, स्कीच्या मागच्या टोकाला अडकवायच्या आकड्यासकट. ती कापली तेव्हा आवाजही झाला नाही. "आकडा गेला," ती म्हणाली. "गोंद धरेल," डॉट म्हणाली. तिने कड बोटाने चाचपली. सरळ होती. इतकी सरळ, की बघणाऱ्याला वाटावं हे पहिल्यापासून हिचंच.

साडेनऊला त्या खिंडीत पोचल्या. वारा अजिबात नव्हता. गेल्या वर्षी जिथे उभं राहवत नव्हतं तिथे आज डॉटने उभ्या उभ्या सफरचंद खाल्लं. अर्लीनने दोन्ही कातडी काढली आणि सवयीने तोंडाला तोंड लावायला गेली, तर डॉटने तिचा हात धरला. "तशी नको. एकेक घे. पोटाशी पोट लावून दुमड. शेंडा मध्यावर आण. शेपटी मध्यावर आण. बस. मी पण रे असेपर्यंत तुमच्यासारखीच लावायचे. दुमडीतला गोंद मरतो म्हणे. काही मरत नाही." अर्लीनने दुमडली. हातात मावतील एवढ्या त्या दोन लहान गुंडाळ्या झाल्या, बंडीच्या आतल्या खिशात बसल्या.

पलीकडचा उतार उन्हात होता आणि बर्फ बरोबर पिकला होता. त्याबद्दल खोटं बोलता येणार नाही. पायाखाली साखर मोडत होती, पहिल्या वळणाला, दुसऱ्या वळणाला, आणि तिच्या मागे बारीक खडे सळसळत वाहत होते. बारा वळणं तिला काही आठवलं नाही. बारा वळणं ती सव्वीस वर्षांची होती, किंवा कुठल्याच वर्षांची नव्हती, फक्त गुडघे होती आणि ऊन होती. तेराव्या वळणाला तिने खालच्या सपाटीकडे बघितलं. पुढे उतरून गेलेलं माणूस जिथे वर मान करून उभं असतं आणि काठी हलवतं, तिथे कुणी नव्हतं. उरलेला उतार ती चांगली उतरली. नुसती उतरली.

खालून परत गाडीकडे यायला बुटक्या धारेवर एकदा चढावं लागतं. डॉटने झटकन आपली कातडी लावली आणि ऊन चढतंय म्हणून ती पुढे निघालीही. अर्लीनने खिशातून पहिलं कातडं काढलं, तिचं स्वतःचं, लावलं. मग दुसरं काढलं. ते अंगाच्या उबेने कोमट झालं होतं. दुमडीचं टोक नखाने सुटं केलं, आणि तिचा हात त्या टोकासकट पुढे गेला, समोरच्या रिकाम्या, लख्ख उन्हात, आणि ती म्हणाली, "धर."

हात तसाच राहिला थोडा वेळ. कुठूनतरी पाणी वाहायला लागलं होतं, बर्फाच्या आतून, दिसत नव्हतं. मग तिने तो मागे घेतला, एक टोक एका मुठीत, दुसरं दुसऱ्या मुठीत, आणि पाय रोवले. उजवा मागे, डावा पुढे. आणि ओढलं. पाय रोवण्यासारखं काही नव्हतंच. ते अलगद, आवाज न करता उघडलं, जसं कुणी हात सोडवून घ्यावा असं नाही, जसं कुणी धरलेलाच नव्हता. एकतीस वर्षं दोघांच्या जोराने सुटत आलेली गोष्ट, अशी. ती दोन्ही हात पसरून उभी राहिली. दोन्ही टोकं तिच्याच हातात होती, आणि मनगटाला ती बारीक पट्टी अजून चिकटलेली होती.

"अर्लीन!" वरून डॉट ओरडली. "लापशी व्हायला लागली! काय करतेस तिथं?"

"सुटलं," ती म्हणाली. डॉटला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नाही. मग खाली वाकली, कातडं स्कीला लावलं, शेंड्यापासून शेपटीपर्यंत तळहाताने दाबत गेली. ते बरोबर बसलं.